उचलून नेता येणारी बाग

भिलाईला आमच्या क्वार्टरच्या मागं जी बाग होती, तिला हुक होते. म्हणजे झाडांना नव्हते, झाडं ज्यात लावली होती त्या डब्यांना आणि ड्रमांना होते. प्रत्येकाला समोरासमोर दोन, लोखंडी, वेल्डिंग करून पक्के बसवलेले. माझे बाबा कारखान्याच्या बांधकामावर रिगर होते. जड वस्तू साखळीनं बांधायची, उचलायची आणि जिथं पाहिजे तिथं नेऊन ठेवायची, हे रिगरचं काम. जी वस्तू उचलता येत नाही तिच्यावर त्यांचा फारसा विश्वास नव्हता.

आम्ही मूळचे भंडाऱ्याकडचे, वैनगंगेच्या काठचे. तिथं आमची धानाची जमीन होती आणि बाबांचे धाकटे भाऊ ती कसत होते. बाबा भिलाईत आले ते एका बोलीवर. कारखाना उभा झाला की परत गावी. ही बोली त्यांनी मायसोबत केली होती असं नाही, स्वतःशीच केली होती, पण घरात ती कायद्यासारखी चालायची. नवीन खाट घ्यायची? कायले, परत जायचं आहे. भिंतीत खुंटी ठोकायची? कायले, भिंत सरकारची आहे. बागेच्या बाबतीतही हाच कायदा लागू झाला.

"सरकारच्या जमिनीत आपलं झाड कावून लावाचं?" बाबा म्हणायचे. "उद्या जाताना थे काय आपल्यासंग रेल्वेत बसून येते?"

मायचं म्हणणं वेगळं होतं. मी तेव्हा पाचवीत होते. गावातली शाळा चौथीला संपायची, आणि शाळा संपली की मुलीचं पुढं काय करायचं ते गावाला ठाऊक असायचं. इथं माझी शाळा क्वार्टरपासून चालत दहा मिनिटांवर होती, तिथं बाकं होती, नकाशे होते आणि अकरावीपर्यंत वर्ग होते. मायनं एकदाच विषय काढला. म्हणाली, "पोरगी म्याट्रिक होऊ द्या, मंग जाऊ." बाबा म्हणाले, "पाहू." आमच्या घरात पाहू म्हणजे नाही. मायनं पुन्हा तो विषय काढला नाही. मला वाटलं ती हरली. तेव्हा मला माझी माय फारशी कळलेली नव्हती.

तर, बाग. आमच्या सेक्टरची जमीन म्हणजे नुसता लाल मुरूम. सब्बल, म्हणजे पहार, मारली की ठिणगी उडायची आणि मनगटात झिणझिण्या यायच्या. दूध घालणारी बाई जवळच्याच खेड्यातली होती. तिनं पहिल्याच दिवशी अंगण पाहिलं आणि निकाल देऊन टाकला, "भाठा ए बाई, इहाँ कुछू नइ जामय." इथं काही उगवायचं नाही, हे तिनं इतक्या समाधानानं सांगितलं की जणू ती जमीन तिनंच तशी करून ठेवली होती.

बाबांना उलट आनंदच झाला. जमिनीत लावायचं नाही याला आता जमिनीचीच साक्ष मिळाली. रस्त्याच्या कंत्राटदाराकडं डांबराचे रिकामे ड्रम पडून असायचे, ते त्यांनी विचारून आणले. काही आडवे कापून अर्धे केले. वनस्पती तुपाचे डबे आणले, रंगाचे डबे आणले. शेजारी एक पंजाबी गॅस कटर, म्हणजे गॅसच्या ज्योतीनं लोखंड कापणारा, राहायचा. बोलायचा कमी, पण मायच्या हातच्या अंबाडीच्या भाजीवर त्याचा फार जीव. त्यानं सगळ्यांच्या तळाला भोकं पाडून दिली आणि हुक लावून दिले. तळ्याचा काळा गाळ सायकलवर पोत्यांनी आला. दूधवाल्या बाईनं आपलं म्हणणं न बदलता तिच्या उकिरड्याचं खत आणून दिलं.

मग बाबांनी बाग चालवली. चालवली हा शब्द मी विचार करून वापरते आहे. आमची बाग चालायची. लोखंडी पाइपांचे तुकडे खाली घालून त्यांवरून ड्रम सरकवायचे, हे रिगर लोकांचं रोजचं काम. त्यामुळं ऊन जसं फिरेल तशी बाग फिरायची. सकाळी वांगी पूर्वेच्या भिंतीला, दुपारी मोरीच्या सावलीला, संध्याकाळी पुन्हा परत. सांबार, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, वरणात घालायला माय बाहेर जायची तेव्हा तो सकाळी जिथं होता तिथं दुपारी नसायचा. वरण उतू जायचं आणि माय मागच्या अंगणात सांबार शोधत फिरायची.

या हलवाहलवीत मला आणि मायला खलाशी, म्हणजे रिगरचे मदतनीस, म्हणून राबावं लागायचं. बाबा कारखान्यात रशियन लोकांच्या हाताखाली काम करायचे आणि त्यांच्याकडून दोन शब्द शिकले होते. वीरा म्हणजे उचल, मायना म्हणजे खाली सोड. तळहात वर करून ते अंगणात ओरडायचे, "वीरा! वीरा! थोडं थोडं! बस!" आणि आम्ही दोघी दोन हुकांना धरून टमाटरांचा डबा एका विटेवरून दुसऱ्या विटेवर ठेवायचो. शेजारच्या बायका भिंतीवरून पाहायच्या. मला लाज वाटायची. बाबांना वाटायचं, त्या शिकायला उभ्या आहेत.

पण थट्टा पुरे. त्यांच्या डोक्यातून निघालेल्या कितीतरी गोष्टी मी आजही करते. शेगडीतला जळका कोळसा ते चाळून घ्यायचे. जाड खडे डब्याच्या तळाशी, म्हणजे पाणी साचत नाही. बारीक राख पानांवर, म्हणजे कीड बसत नाही. मे महिन्यात पत्र्याचे डबे इतके तापायचे की मुळं शिजायची, तर डब्यांना बाहेरून चुना फासला आणि वर ओलं गोणपाट गुंडाळलं. मोरीचं पाणी वाया जायचं. त्याच्या वाटेत त्यांनी दोन फुटके माठ पुरले, एकात गिट्टी, एकात रेती, आणि पलीकडून निघालेलं पाणी अर्ध्या कापलेल्या पाइपातून थेट भाजीला. पाइप अर्थात जमिनीवर ठेवलेला होता, पुरलेला नाही. माठ मात्र पुरले, आणि त्याबद्दल मी विचारलं तेव्हा म्हणाले, "माठ फुटके हायेत. थे इथीच सोडून जाऊ." वेलांना जुन्या तारेचा मांडव होता, तोही नटबोल्टचा, खोलता येणारा. दर संध्याकाळी पानं धुवायची हे माझं काम, कारण कारखान्याची लाल धूळ सगळ्या सेक्टरवर बसायची आणि पानांचं तोंड बंद व्हायचं.

असं वर्ष गेलं. मग एके दिवशी माय म्हणाली, "मले एक जांब पायजे."

जांब म्हणजे पेरू. बाबांनी आधी नाही म्हटलं. जांब काही सांबार नाही, त्याला मुळं फार. माय म्हणाली, ड्रमातच लावू, अख्ख्या ड्रमात. आणि जांबाला दिवसभर ऊन लागतं, म्हणून तो रोज हलवायचीही गरज नाही. हे ऐकून बाबा खूष झाले. बायकोला आता आपली विद्या समजू लागली, असं त्यांना वाटलं असावं. एक अख्खा ड्रम आला. "तळाले चार भोकं पाडून घेजो," असं मायला बजावून बाबा दुसऱ्या पाळीला गेले. कलम दुर्गच्या एका माळ्याकडून आलं होतं आणि ओल्या फडक्यात गुंडाळून आठवडाभर मोरीत पडून होतं, कारण मायला काही सवड होत नव्हती. त्या आठवड्यात मागच्या अंगणात मध्येच एक खाट टाकलेली होती आणि तिच्यावर कुरड्या वाळत होत्या. ड्रम सरकवायला खाट आडवी येते म्हणून बाबांनी कुरकुरही केली होती. मी सकाळी आठला शाळेत जायचे ते संध्याकाळी यायचे, म्हणून मला एवढंच दिसलं.

एक दिवस बाबा घरी आले तर खाटेच्या जागी ड्रम उभा, मातीनं भरलेला, त्यात जांब लावलेला. ते थोडे रुसले. खाली विटा कावून नाही ठेवल्या, म्हणाले. आणि गाळाची पोती एवढी कशी संपली, म्हणाले. माय म्हणाली, "माती बसते ना." बाबांनी मान हलवली, कारण माती बसते हे खरंच आहे. त्याच सुमारास मायनं दारापासून मोरीपर्यंतच्या वाटेवर मुरूम पसरून ठोकून घेतला होता. त्यामुळं पावसात पायाला चिखल लागणार नाही, म्हणून बाबांनी तिची तारीफही केली.

जांब वाढला. असा वाढला की पाहत राहावं. बाकी डब्यांतली झाडं उन्हाळ्यात माना टाकायची, जांब मात्र हिरवागार. दुसऱ्या वर्षी फुलं आली, तिसऱ्या वर्षी फळं, आणि फळं अशी की ड्रमात आली हे सांगूनही लोकांना पटेना. मग बाबा त्यांना मागच्या अंगणात आणून दाखवायचे.

इथून बाबांच्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा काळ सुरू झाला. सुटीच्या दिवशी लोक यायचे. वेल्डर यायचे, फिटर यायचे, एकदा तर एक फोरमनसाहेब बायकोला घेऊन आले. बाबा ड्रमावर थाप मारून सांगायचे, कोळशाचा थर किती, गाळ किती, खत किती, चुना कसा फासायचा. हाताच्या बोटांनी माप दाखवायचे. "झाडाले जमीन लागते हे खोटं हाय," असंही म्हणायचे. माय आतून चहा आणायची आणि कपबशी देताना तिच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलायची नाही.

आमच्या लाइनीतल्या निम्म्या घरांत ड्रमातले जांब लागले. ते सगळे वाळले. एक शेजारी तक्रार घेऊन आला तर बाबांनी त्याचा ड्रम जाऊन तपासला आणि सांगितलं की चुना पातळ झाला. दुसऱ्याचा कोळसा बारीक पडला. तिसऱ्याचं काहीच चुकलेलं सापडेना, तेव्हा त्याला म्हणाले, "तुमचा हात जड हाय." बाबांवर कोणी शंका घेतली नाही, कारण जांब समोर उभा होता.

आणि मग कारखाना उभा झाला. भट्ट्या पेटल्या, चिमण्या धूर ओकू लागल्या आणि बांधकामाच्या टोळ्या एकेक कमी होऊ लागल्या. बाबांच्या टोळीतल्या प्रत्येकाला एक फॉर्म मिळाला. कारखान्यात कायम नोकरी पाहिजे की मोकळं व्हायचं, ते लिहून, सही करून सोमवारी द्यायचं. बाबांनी तो कोरा फॉर्म ट्रंकेत ठेवला आणि आम्हाला सांगितलं की रविवारी सामान बांधायचं. ओळखीचा एक ट्रक मंगळवारी गोंदियाकडं जाणार होता, त्यात बागेसकट सगळं जाईल. गावी काकांना पत्रही गेलं.

मी नववीत होते. नव्या वहीला नुकतं कव्हर घातलं होतं. मी मायकडं पाहिलं, ती गहू निवडत होती. निवडतच राहिली. मला तिचा राग आला, बाबांपेक्षा जास्त आला. मोरीत जाऊन मी रडले आणि तोंड धुऊन बाहेर आले.

रविवारी सकाळी बाबांनी बाग हलवली. एकेक ड्रम, एकेक डबा पाइपांवरून सरकत फाटकापाशी रांगेत उभा राहिला. त्या दिवशी त्यांच्या कामात काय सफाई होती! आम्ही हुक धरायचो आणि ते तळहात वर-खाली करायचे. एक वांगं हललं नाही, एक फूल गळलं नाही. शेवटी राहिला जांब. तो हातांनी उचलण्यासारखा नव्हता. त्यासाठी बाबांनी तीन लांब पाइपांची तिकाटी उभी केली होती, वर चेन ब्लॉक, म्हणजे वजन उचलायची साखळीची कप्पी, अडकवला होता. फांद्या सुतळीनं आवळून बांधल्या. हुकांत साखळ्या घातल्या. एवढा सोहळा म्हटल्यावर लाइनीतले सगळे जमले. ज्यांचे जांब वाळले होते ते पुढं उभे होते. पंजाबी गॅस कटरही आला, पण तो जरा मागं, भिंतीला टेकून उभा राहिला.

"वीरा," बाबा स्वतःलाच म्हणाले आणि साखळी ओढू लागले.

साखळी ताणली. पत्रा करकरला. ड्रम हलला आणि वर येऊ लागला. लोकांनी वाहवा केली. पण बाबांचा हात थांबला. रिगरच्या हाताला वजन आधी कळतं, डोळ्यांना मागून कळतं. "वजन कमी लागून राहिलं," ते पुटपुटले. अजून थोडी साखळी ओढली. ड्रम वीतभर वर गेला आणि जांब जिथल्या तिथं. ड्रमाला तळ नव्हता. नुसतं पत्र्याचं कडं वर चाललं होतं आणि खाली काळी माती उभी होती, तिच्यातून मनगटाएवढी मुळं निघून सरळ मुरमात शिरली होती.

कोणी हसलं नाही, हे लाइनीतल्या लोकांचं मोठेपण. पुढच्या रांगेतला एक जण मात्र हळूच म्हणाला, "म्हणजे चुना पातळ नव्हता तर."

बाबा खाली बसले. ड्रमाच्या कडेखालून हात घालून त्यांनी मुळं चाचपली. मग मान वर न करता विचारलं, "तळ कोणं कापला?"

गॅस कटर आभाळाकडं पाहू लागला.

"म्या कापाले सांगतला," माय म्हणाली. "तुमी चार भोकं पाडा म्हणलं, म्या म्हणलं एकच पाड, पण ड्रमाएवढं पाड."

"कधी?"

"पयल्याच दिवशी."

"मंग इतके दिवस मी या लोकायले काय शिकवून राहिलो?"

माय पदर खोचून त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली, आणि एवढ्या लोकांसमोर, पहिल्यांदाच, मोठ्यानं बोलली. "अजी, मले गावाले जाचं नाई. पोरीले शाळेतून काढाचं नाई. तोंडानं एकदा सांगून पाह्यलं, तुमी पाहू म्हणलं."

लोक आपापल्या घरी गेले. बाबा तिथंच मातीत बसून होते. मला वाटलं आता ओरडतील. मी मायच्या मागं जाऊन उभी राहिले, तिला वाचवायला की तिच्या आडोशाला, ते मला आजही सांगता येत नाही.

"खाली किती खणलं?" बाबांनी विचारलं.

"कमरेइतकं."

"या मुरमात?"

"मंग? दुसरं काय हाय इथी?"

"कोण होतं संग?"

"दूधवाली यायची घडीभर. बाकी मीच. तुमी दुसऱ्या पाळीले गेले का खाट सरकवाची अन् खणाचं. आठ दिवस लागले."

बाबांनी तेव्हाच्या खाटेची जागा पाहिली, जिथं आता जांब होता. मग दारापासून मोरीपर्यंतची वाट पाहिली, जिच्यावर तो सगळा मुरूम ठोकलेला होता आणि जिची त्यांनी तारीफ केली होती. मग मायचे हात पाहिले. या कामातलं त्यांना सगळं कळत होतं. सब्बल किती वजनाची, मुरूम किती कडक, कमरेइतका खड्डा म्हणजे किती घाव.

"मले सांगाचं होतं," ते म्हणाले. "येवढा खड्डा एकटीनं खणाचा असते का? म्या खणून देल्ला असता."

"खरंच देल्ला असता?"

बाबांनी थोडा विचार केला. "नाई," म्हणाले.

माय हसली. मग त्यांनाही हसू आलं, पण ते त्यांनी मिशीत ठेवलं. उठून त्यांनी साखळी सैल केली, ड्रम पुन्हा खाली बसवला आणि आत गेले. ट्रंक उघडल्याचा आवाज आला. बाहेर आले तेव्हा हातात तो फॉर्म होता आणि माझी दौत-टाक. बाबांना सहीपुरतं लिहिता यायचं. ओसरीवर बसून, गुडघ्यावर पाटी घेऊन, त्यांनी कोऱ्या फॉर्मच्या तळाशी सावकाश सही केली आणि कागद माझ्यासमोर ठेवला.

"घे. वर काय लिवाचं थे तुमी मायलेकी ठरवा. तसंबी मले इचारून काई करत नाई तुमी."

आणि ते फाटकाशी गेले, रांगेत उभ्या असलेल्या वांग्यांना पाणी द्यायला.

मी टाक बुडवला. टाक इतका भरला की पहिला थेंब पाटीवरच पडला. ज्या ओळीत लिहायचं होतं तिथं मी माझ्या चांगल्यातल्या चांगल्या अक्षरात 'कायम' लिहिलं. मायला वाचता येत नव्हतं. ती माझ्या खांद्यावरून वाकून पाहत होती.

"कोनता शब्द हाय थो?" तिनं विचारलं.

मी दाखवला. तिनं त्यावर बोट ठेवलं, आणि शाई ओली होती म्हणून शब्द थोडा पसरला. मी नवा फॉर्म आणायला सांगू का, असं विचारलं, तर फाटकाजवळून बाबा म्हणाले की काही गरज नाही, वाचता येतो ना, मग झालं. सोमवारी सकाळी त्यांनी तो तसाच नेऊन दिला.